आडव्या धाग्यांचा प्रश्न

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून ‘एरियान ५’ या युरोपीय रॉकेटने पहिले उड्डाण केले आणि सुमारे ४० सेकंदांत ते आकाशातच फुटले. चौकशी समितीचा अहवाल मी वाचला, आणि सॉफ्टवेअर बदलत्या परिस्थितीला जुळवून घेते म्हणजे नेमके काय, हा प्रश्न माझ्या मागे लागला.

इंजिनात दोष नव्हता. रॉकेटची स्थिती आणि गती मोजणारे सॉफ्टवेअर ‘एरियान ४’वरून उचललेले होते. तिथे ते बिनबोभाट चाले. नव्या रॉकेटचा आडवा वेग मात्र फार झपाट्याने वाढला. त्याच्याशी निगडित एक आकडा ३२,७६७च्या पुढे गेला आणि १६ बिटांच्या जागेत मावेना. मुख्य आणि राखीव, दोन्ही यंत्रणांत तेच सॉफ्टवेअर होते. दोन्ही बंद पडल्या.

तयार घटक जोडून सॉफ्टवेअर उभारण्याचे स्वप्न त्याआधीचे. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिशच्या परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी म्हटले, की कारखान्यातल्या सुट्या भागांसारखे सॉफ्टवेअरचेही भाग निवडून घेता आले पाहिजेत. हे भाग पाडायचे कसे, ते १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी सांगितले : जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, तो एका घटकाच्या पोटात लपवा. मग बदल तेवढ्यापुरताच राहतो. शेजारच्या घटकाला त्याची झळ लागत नाही.

पण सगळेच निर्णय एका पोटात मावत नाहीत. बँकेचे सॉफ्टवेअर घ्या. पैसे भरणे, काढणे, दुसऱ्या खात्यात पाठवणे हे वेगवेगळे घटक. व्यवहाराची नोंद ठेवणे आणि करणाऱ्याचा अधिकार तपासणे ही कामे मात्र प्रत्येकात. नोंदीचा नियम बदलला, की सगळे घटक उघडावे लागतात आणि एखादा राहून गेला तर चटकन कळतही नाही. घटक हे उभे धागे. ही कामे आडवी जातात.

१९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील ग्रेगर किझालेस आणि सहकाऱ्यांनी या आडव्या कामांना ‘अ‍ॅस्पेक्ट’, म्हणजे पैलू, हे नाव दिले. नोंदीचा नियम एकदाच, स्वतंत्र लिहायचा. तो कुठे लागू होईल तेही तिथेच सांगायचे, उदाहरणार्थ ‘खात्यातली शिल्लक बदलणाऱ्या प्रत्येक क्रियेनंतर’. मग एक प्रोग्राम तो नियम सर्व घटकांत गुंफतो. त्या प्रोग्रामला खरोखरच ‘विणकर’ म्हणतात. जावा भाषेसाठी याच गटाने ‘अ‍ॅस्पेक्टजे’ तयार केली.

सोय मोठी, पण किंमतही आहे. घटक वाचणाऱ्याला त्यात बाहेरून काय विणले गेले आहे, ते दिसत नाही. शिवाय जागा बहुधा क्रियांच्या नावांवरून ठरवतात. कोणी निरागसपणे नाव बदलले, तर नियम मुकाट्याने लागू होईनासा होतो. प्रोग्राम चालतो, नोंद तेवढी होत नाही.

इथे मला पुन्हा तो अहवाल आठवतो. तो आकडा मर्यादेबाहेर जाणार नाही, हे गृहीतक चुकून राहिलेले नव्हते. विचार करून स्वीकारलेले होते. मात्र त्याचे कारण प्रोग्राममध्ये कुठेच लिहिलेले नव्हते, ते कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात दडले होते. घटक नव्या घरी आला, गृहीतक जुन्या घरीच राहिले.

अ‍ॅस्पेक्ट असते तर रॉकेट वाचले असते, असे मी म्हणत नाही. पण सुटे करणे आणि विणणे या दोन्ही पद्धती एकाच गोष्टीवर अडतात. भाग बदलण्याची सोय करणे तुलनेने सोपे. तो भाग कशाच्या भरवशावर उभा आहे, ते पुढच्या माणसाला दिसेल अशा जागी लिहून ठेवणे अवघड. ते लिहिलेले नसेल, तर जुळवून घेण्याची जबाबदारी सॉफ्टवेअरवर नव्हे, नशिबावर पडते.