कुत्रा गाडीत नेताय? आधी दोरी बघा



आजचा मेसेज खत-बियाण्याचा नाही, आपल्या राखणदाराचा आहे.

खरिपाचं बियाणं न्यायला सध्या गोदामावर रोज गाड्या येतायत. बऱ्याच पिकअपच्या हौद्यात नाहीतर ट्रॉलीत कुत्रा उभा असतो, गळ्यात लांब दोरी. आपल्याला वाटतं, बांधलाय म्हणजे काळजी नाही. पण मागच्या महिन्यात आपल्या एका सभासदाचा कुत्रा असाच गेला. रस्त्यात दुसरी कुत्री भुंकली, यानं फाळक्यावरून उडी टाकली. दोरी जमिनीपर्यंत पुरली नाही आणि गळ्याला फास बसला. पुढे केबिनमध्ये काहीच कळलं नाही, गाडी थांबली तेव्हा दिसलं. चार वर्षं त्यानं रानडुकरांपासून मका राखला होता. तेच सभासद म्हणाले, "सगळ्यांना कळवा, दुसऱ्याचा तरी वाचेल." म्हणून हा मेसेज.

*1) दोरी कशी बांधायची?*
▪️ गळपट्ट्याला बांधू नका. छातीभोवती बसणारा पट्टा मिळतो, दुकानात हार्नेस म्हणून मागा. झटका बसला तर जोर छातीवर येतो, गळ्यावर नाही.
▪️ दोरी हौद्याच्या मधोमध, केबिनच्या बाजूला बांधा. कडेच्या कडीला नको.
▪️ लांबी एवढीच ठेवा की कुत्र्याला बसता येईल, वळता येईल, पण तोंड फाळक्याच्या वर जाणार नाही. गाडी सुरू करायच्या आधी एकदा ओढून बघा.
▪️ कुत्रा धरायला पोराला मागे बसवू नका. उडीबरोबर पोरगंही खाली जाईल.

*2) सगळ्यात चांगली जागा कोणती?*
केबिनमध्ये, क्लीनरच्या बाजूला पायाशी. चारचाकी असेल तर मागच्या सीटवर, हार्नेसमधून सीटबेल्ट ओवून. ड्रायव्हरच्या मांडीवर कधीच नको, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही अडतात. पिल्लू असेल तर भाजीच्या क्रेटमध्ये पोतं अंथरा, वर दुसरं क्रेट पालथं घालून दोन्ही घट्ट बांधा. हवा खेळती राहते. क्रेटही गाडीत हलणार नाही असं ठेवा.

हे कशाला? ताशी 40 किलोमीटरनं चाललेली गाडी कुठे आदळून जागेवर थांबली, तर आतल्या मोकळ्या जिवाला साधारण 6 मीटरवरून, म्हणजे दोन मजल्यांवरून पडल्याएवढा मार बसू शकतो.

*3) ट्रॅक्टरवर कुत्रा नकोच*
मडगार्डवर बसलेला कुत्रा एका खड्ड्यात मोठ्या टायरखाली जातो. मागे रोटाव्हेटर चालू असेल तर विचारच नको. शेत जवळ असेल तर त्याला आधी पायी नेऊन बांधा, मग ट्रॅक्टर चालू करा.

*4) बंद गाडी म्हणजे भट्टी*
"दोन मिनिटांत येतो" म्हणून काच लावून बँकेत जायचं आणि तिथं रांग लागायची, हे आपल्याला माहीत आहे. बाहेर 24 अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत 10 मिनिटांत 34 आणि अर्ध्या तासात 43 अंशांपर्यंत तापमान जातं. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच 40 असतं. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग गार करतो. आतली हवाच तापली की तोही उपाय संपतो.

हौद्याचा पत्राही तापतो. हाताची मागची बाजू पत्र्यावर ठेवा. 5 सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पायही भाजतील. ओलं पोतं अंथरा, वर सावली करा, सोबत पाणी घ्या.

*ऊन लागल्याची लक्षणं:* जोरात धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, उलटी, झोक जाणं.
*काय करायचं:* लगेच सावलीत घ्या. पोट, काखा, पाय साध्या पाण्यानं भिजवा, वारा घाला. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पाजा, बळजबरीनं ओतू नका. अंगावर ओलं कापड गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. आधी गार करा, मग डॉक्टरकडे न्या.

*5) औषधं आणि कुत्रा एका हौद्यात नको*
फवारणीची औषधं, प्रक्रिया केलेलं बियाणं आणि खास करून गोगलगायीच्या मेटाल्डिहाईडच्या गोळ्या. या गोळ्या कुत्रा खाऊ समजून खातो. थोड्या गोळ्याही जीव घेऊ शकतात. अंग थरथरणं, झटके येणं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. गोळ्यांचं पाकीट सोबत घेऊन थेट पशुवैद्यकाकडे जा.

*6) अपघात झालाच तर*
घरचा कुत्रासुद्धा दुखण्यात चावतो. उचलण्याआधी तोंडाला गमछा सैलसर बांधा. पण धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नका. फळीवर नाहीतर जाड पोत्यावर घेऊन हलवा. *पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा टोल फ्री नंबर सेव्ह करून ठेवा.* चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. कुत्र्यालाही दरवर्षी रेबीजची लस देत जा.

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. उद्या गाडी काढताना फक्त बघा, *दोरी गळ्याला आहे की छातीला, आणि फाळक्यापर्यंत पोचतेय का.* घरात गाडी जो चालवतो त्याला हा मेसेज नक्की दाखवा.

हार्नेस कुणाला हवे असतील तर कुत्र्याच्या छातीचा घेर सुतळीनं मोजून गोदामावर कळवा. 10-12 जण झाले तर एकत्र मागवू.

तुमचा,
कृषी सल्लागार