शर्यत वाचली, नांगर सुटला

सुगी उरकते, ऊस कारखान्याला जातो, ज्वारी खळ्यावरून घरात येते आणि मग बेळगावहून निपाणीकडे जाणाऱ्या महामार्गावर रविवारी सकाळी एक वेगळीच वर्दळ सुरू होते. काकती, हत्तरगी, संकेश्वर या टप्प्यांवर छोटे टेम्पो दिसतात. त्यांच्या हौद्यात पेंढ्यावर उभे असलेले पांढरेशुभ्र खिलारी बैल, शेजारी दोघे-तिघे सांभाळणारे आणि मागे दुचाकींवर अर्धी गल्ली. उपचारासाठी किंवा खरेदीसाठी चोर्ला घाट चढून बेळगावला येणाऱ्या गोमंतकीयाला हे दृश्य अपरिचित नसते. ही मंडळी कुठल्या तरी गावच्या यात्रेतील बैलगाडी शर्यतीला निघालेली असतात. काही वर्षांपूर्वी हीच शर्यत देशभर बेकायदा ठरली होती. आज ती उघडपणे, फलक लावून होते. मधल्या काळात कायदा बदलला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच काळात बैलही बदलला, याची चर्चा मात्र कमी होते.

सीमाभागात शर्यतीचा प्रकार एकच नाही. निपाणी, चिकोडी आणि पलीकडे कागल, गडहिंग्लज या पट्ट्यात अनेक गाड्या एकाच वेळी सुटतात व ठरलेल्या खुणेला वळसा घालून जी आधी परत येईल, ती जिंकते. गट पाडले जातात ते बैलाच्या दातांवरून. दुधाचे दात असलेला आदत, दोन कायमचे दात आलेला दुस्सा, चार आलेला चौसा; आणि ज्यात वयाची अट नाही तो जनरल गट. बैलाचे वय कागदावर नसते, ते त्याच्या जबड्यात असते. त्यामुळे शर्यतीपूर्वी पंच बैलाचे तोंड उघडून पाहतात आणि तेथेच दिवसाचा पहिला वाद रंगतो. बेळगाव तालुक्यात रूढ असलेला प्रकार निराळा. रिकामा गाडा एका वेळी एकाच जोडीने पळवायचा आणि साधारणतः एका मिनिटात तिने किती फूट अंतर कापले ते मोजायचे. येथे झुंज घड्याळाशी असते, शेजारच्या गाडीशी नाही. दोन गाड्यांची टक्कर होण्याचा प्रश्नच त्यात उद्भवत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा प्रकार अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल. पण निपाणीकडील प्रेक्षकाला तो काहीसा अळणी वाटतो, हेही खरे.

या खेळाचे मूळ शोधू गेल्यास बेंदूर सणापर्यंत जावे लागते. सीमाभागात बेंदूर दोनदा येतो. ज्येष्ठ पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर, ज्याला कन्नडमध्ये कारहुण्णिमे म्हणतात, आणि आषाढातील महाराष्ट्रीय बेंदूर. कर्नाटकी बेंदराला सायंकाळी गावाच्या वेशीत आडवा बांधलेला पानांचा दोर, म्हणजे ‘कर’, पळत्या बैलांनी तोडायचा असतो. इचलकरंजीसारख्या औद्योगिक शहरातही ही ‘कर तोडण्याची’ प्रथा टिकून आहे. पेरणीच्या तोंडावर कोणाच्या बैलात किती दम आहे, याची ती जाहीर परीक्षा असे. ज्याने कर तोडली, त्याचा बैल पुढील हंगामात नांगराला आणि कुळवाला उत्तम चालणार, हे गावाला न सांगता कळत असे.

अशा परीक्षेतून मोठा खेळ उभा राहण्याची गोष्ट जगात इतरत्रही घडली आहे. अमेरिकेत ज्याला ‘स्टॉक कार’ शर्यत म्हणतात, तिचे नावच मुळी दुकानात मिळणारी साधी मोटार या अर्थाचे आहे. दारूबंदीच्या काळात आणि नंतरही चोरटी दारू वाहणारे दक्षिणेकडील तरुण आपल्या साध्या दिसणाऱ्या मोटारींची इंजिने आतून तेज करीत. मग फावल्या वेळात कोणाची गाडी वेगवान, यावर मैदानात पैजा लागत. त्या विस्कळीत शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९४८ साली फ्लोरिडातील डेटोना बीच येथे ‘नॅस्कार’ ही संस्था स्थापन झाली. १९४९ मध्ये शार्लट येथे तिची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत झाली, तेव्हा उतरलेल्या गाड्या खरोखरच रस्त्यावरच्या होत्या. आज त्या मैदानात पळणाऱ्या मोटारीचा दुकानातल्या मोटारीशी उरलेला संबंध बाह्य आकारापुरता आहे. नाव तेवढे ‘स्टॉक’ राहिले.

सीमाभागातील बैलाचेही तेच झाले आहे. शर्यतीचा गाडा आता शेणखत वाहणारा गाडा नव्हे. तो हलका, खास बांधून घेतलेला असतो. लोखंडी धाव लावलेली जड लाकडी चाके त्याला नसतात. आणि त्याला जुंपलेला बैल बहुधा कधीच नांगराला लागलेला नसतो. नांगरट ट्रॅक्टर करतो, उसाची वाहतूक मोठ्या प्रमाणावर ट्रॅक्टर-ट्रॉली करते. शर्यतीच्या बैलाला पेंड, भरड, दूध, अंडी असा खुराक असतो, पोहणे असते, ठरलेला सराव असतो, आणि नामांकित जोडीची किंमत लाखांच्या घरात जाते. त्याचे शेण काढणारी, त्याला पाणी दाखवणारी घरातली बाई शर्यतीच्या मैदानात मात्र क्वचितच दिसते.

मग एका कुटुंबाला न पेलणारा हा खर्च चालतो कसा? याचे उत्तर शेजारात आहे. अनेक ठिकाणी बैल एकाच्या गोठ्यात असला, तरी तो गल्लीचा असतो. कोणी कडबा देतो, कोणी टेम्पोच्या डिझेलचा भार उचलतो, कोणी प्रवेश फी भरतो. बक्षीस मिळाले तर रोख रक्कम मालकाकडे जाते आणि ढाल-निशाण गल्लीतून मिरवले जाते. आठवडाभर गिरणीत, कारखान्यात, विड्यांच्या आणि तंबाखूच्या व्यवसायात राबणाऱ्या माणसाला रविवारी दहा-वीस रुपयांच्या चिरमुऱ्यांवर आणि मिरची भज्यांवर पूर्ण दिवसाची करमणूक मिळते. या मैदानात मराठी व कन्नड दोन्ही कानी पडतात आणि बैलाला दिलेली हाळी कोणत्या भाषेतली, याची चौकशी कोणी करीत नाही. सीमावादाच्या बातम्या वाचणाऱ्यांनी हे एकदा पाहण्यासारखे आहे.

यात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेत बैलगाडीच्या खालोखाल सायकल शर्यतीलाही जागा असते. एके काळी मुले शेजारच्या गावी शर्यत पाहायला सायकलवर डबलसीट जात आणि तिथे गेल्यावर त्याच सायकलीने स्पर्धेत उतरत. सायकल हेही तेव्हा कामाचेच वाहन होते. आता यात्रेतील सायकल शर्यतीत गिअरच्या, हलक्या सांगाड्याच्या सायकली दिसतात आणि विजयपूर-बागलकोट या सायकलपटूंच्या पट्ट्यातून आलेले सराईत स्पर्धक स्थानिक पोरांना सहज मागे टाकतात. कामाची वस्तू खेळाची झाली की ती महाग होते, हा अनुभव सायकलीलाही चुकलेला नाही. फरक इतकाच की सायकलीला वेदना होत नाहीत. कायद्याचा प्रश्न सुरू होतो तो इथूनच.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा. या कायद्याखाली कोणत्या प्राण्यांचे प्रदर्शन करता येणार नाही, त्यांची यादी केंद्र सरकार काढते. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या पंक्तीत वळू-बैलाचाही समावेश झाला. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन व न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने जलिकट्टू आणि बैलगाडी शर्यती दोन्ही बेकायदा ठरवल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, तो धावतो तो भीतीने आणि वेदनेने, हा त्या निकालाचा गाभा. शेपटी पिरगाळणे, चाबूक, टोकाला खिळा असलेली पराणी या गोष्टी न्यायालयापुढे आल्या होत्या, आणि त्या खोट्या होत्या असे शर्यतीच्या मैदानात वाढलेला कोणीही प्रामाणिकपणे म्हणणार नाही.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अटी घालून सवलत देण्याचा प्रयत्न केला. काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली. वर्षभराने चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जलिकट्टूसाठी जनसमुदाय लोटला आणि तमिळनाडूने केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. कर्नाटकाने कंबळा व बैलगाडी शर्यतीसाठी, महाराष्ट्राने बैलगाडी शर्यतीसाठी तोच मार्ग धरला. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत येतो. अनुच्छेद २५४(२) नुसार राष्ट्रपतींची संमती मिळाल्यास राज्याची दुरुस्ती त्या राज्यात केंद्रीय कायद्यावर मात करू शकते. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या तरतुदीवर सारा खेळ उभा आहे.

येथून सीमाभागाची गोष्ट चमत्कारिक होते. महाराष्ट्राची दुरुस्ती २०१७ मध्ये मंजूर झाली, परंतु मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. कर्नाटकाची दुरुस्ती मात्र अमलात राहिली. म्हणजे काही वर्षे दूधगंगेच्या पुलाअलीकडे, कोगनोळीच्या बाजूला जी शर्यत कायदेशीर होती, तीच पुलापलीकडे कागलच्या बाजूला गुन्हा होती. बैल तेच, माणसे एकमेकांची सोयरीक असलेली, कायदा मात्र दोन. इतर राज्यांत शर्यती चालतात, मग आम्हालाच मज्जाव का, हा युक्तिवाद महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात केला आणि १६ डिसेंबर २०२१ रोजी तेथेही शर्यतींचा मार्ग मोकळा झाला. अखेर १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. परंपरा आहे की नाही, याचा निर्णय विधिमंडळाने केला असेल तर न्यायालय त्यात ढवळाढवळ करणार नाही, असा पवित्रा घटनापीठाने घेतला. मात्र नियमांची अंमलबजावणी काटेकोरपणे करण्याची जबाबदारी प्रशासनावर टाकली.

नियम काय सांगतात? महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, धाव एक हजार मीटरपेक्षा लांब असता कामा नये, पशुवैद्यकाची तपासणी आवश्यक आणि काठी, चाबूक, विजेचा झटका यांना पूर्ण मनाई. उल्लंघन झाल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कर्नाटकातही बैलांना अनावश्यक वेदना होऊ नयेत या अटीवरच सवलत आहे. कागदावर हे पुरेसे कडक आहे. परंतु धुळीच्या लोटात, हजारोंच्या गर्दीत गाडीवानाच्या हातात काय आहे हे पाहणारा माणूस कोण, हा प्रश्न उरतोच. शिवाय या नियमांचा भर शर्यतीच्या दिवसावर आहे. सरावात काय होते आणि पाय अधू झालेल्या बैलाचे पुढे काय होते, ही बाब मालकाच्या विवेकावर सोडलेली आहे.

शर्यतीच्या बाजूने केला जाणारा सर्वांत वजनदार युक्तिवाद देशी वंश टिकवण्याचा. तो सहज उडवून लावण्याजोगा नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील एकूण गोवंश सुमारे १९.२५ कोटी, म्हणजे २०१२ पेक्षा किंचित अधिक. पण याच सात वर्षांत गायींची संख्या १८ टक्क्यांनी वाढली आणि नर जनावरे सुमारे ६.७९ कोटींवरून ४.७४ कोटींवर आली. जवळपास ३० टक्के घट. देशी गोवंश एकूण सहा टक्क्यांनी घटला आणि संकरित व विदेशी वंश चौथ्या हिश्श्याहून अधिक वाढला. खिलार ही जात तर मुळात ओढकामासाठी घडलेली. काटक खूर, मागे वळलेली लांब शिंगे, चपळ चाल, दूध बेताचेच. नांगर गेला आणि दूध नाही, तर शेतकऱ्याने खिलारी खोंड सांभाळायचा कशासाठी? सोलापूर, सांगली, सातारा, विजयपूर, बेळगाव या जिल्ह्यांत या प्रश्नाला आज शर्यत हे एक उत्तर आहे. रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्का यात्रेसारख्या ठिकाणी भरणाऱ्या जनावरांच्या बाजारात चपळ खोंडाला जो भाव येतो, त्यामागे हीच मागणी असते.

तरीही या युक्तिवादाला मर्यादा आहे. शर्यतीला निवडक बैल लागतात. वंश टिकायला गायींचे कळप, वळू आणि साधा, न धावणारा गोऱ्हाही परवडणारा संसार लागतो. वेगासाठी निवड होत राहिली, तर दोन-चार पिढ्यांनंतर जे उरेल ते खिलाराचे रूप असेल, त्याचा ओढकामाचा गुण असेलच असे नाही. स्टॉक कारचे जे झाले, ते येथे होऊ नये असे वाटत असेल, तर शर्यतींच्या बक्षिसांत ओझे ओढण्याच्या, नांगरटीच्या स्पर्धांनाही तोलामोलाची जागा द्यावी लागेल.

गोव्यातील वाचकाच्या मनात येथे धिरयोचा विषय येणे साहजिक आहे. तीन राज्यांना जे मिळाले ते गोव्याला का नाही, असा सवाल विधानसभेतही वेळोवेळी उठतो. फरक दोन आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १९९६ मध्ये धिरयोला मनाई केली, आणि त्यानंतर राष्ट्रपतींची संमती घेऊन केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती गोव्याने केलेली नाही. दुसरा फरक अधिक मूलभूत आहे. १९६० च्या कायद्याचे ११ वे कलम प्राण्याला दुसऱ्या प्राण्याशी झुंजण्यास चिथावणे हाच गुन्हा मानते. शर्यतीत चाबूक काढून घेतला, अंतर कमी केले, पशुवैद्यक उभा केला, तर वेदना कमी करून खेळ शिल्लक राहतो, असे म्हणायला जागा आहे. झुंजीत दोन रेड्यांची किंवा बैलांची शिंगे एकमेकांत अडकणे हाच खेळ. तो काढला तर मागे काहीच उरत नाही. २०२३ च्या निकालात जलिकट्टू, कंबळा आणि बैलगाडी शर्यत यांचा विचार झाला. धिरयोसाठी कोणी दुरुस्ती मांडलीच, तर तिला त्या निकालाचा आधार आपोआप मिळणार नाही. झुंजीतून क्रूरता वेगळी कशी काढणार, हे आधी विधानसभेला आणि नंतर न्यायालयाला पटवावे लागेल.