दाढ पडलेली नटी

सिनेमात राजाचं काम कोण करतं? नट. डाकूचं? तेही नटच. पण १९५६ साली आलेल्या 'द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट' या इंग्रजी सिनेमात एका नटीने चक्क स्वतःचंच काम केलं. नटीची उंची विचारू नका, लांबी विचारा. १६९ मीटर! ती होती आपल्या नौदलाची क्रूझर, आयएनएस 'दिल्ली'.

ही मूळची आपली नव्हे. १९३२ साली इंग्लंडमध्ये बर्कनहेडच्या गोदीतून ती पाण्यात उतरली, तेव्हा तिचं नाव होतं 'अकिलीज'. अकिलीज हा ग्रीक पुराणातला वीर. आपल्या दुर्योधनाची मांडी कच्ची, तशी याची टाच कच्ची. (असं नाव लढाऊ बोटीला का द्यावं, देव जाणे!) दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिच्यावर निम्म्याहून जास्त खलाशी न्यूझीलंडचे होते.

१३ डिसेंबर १९३९. दक्षिण अमेरिकेजवळ, भर समुद्रात 'एजॅक्स', 'एक्झिटर' आणि 'अकिलीज' या तीन युद्धनौकांची गाठ जर्मनीच्या 'ग्राफ श्पे' या युद्धनौकेशी पडली. 'अकिलीज'चा एक तोफगोळा साधारण ५१ किलोंचा, म्हणजे सिमेंटची एक गोणी. 'ग्राफ श्पे'चा गोळा ३०० किलोंचा. सहा गोण्या एकदम अंगावर! मग तिघींनी कबड्डीतली युक्ती केली. एक या बाजूने, दोघी त्या बाजूने. 'ग्राफ श्पे'वर मोठ्या तोफांचे फिरते बुरूज दोनच. नेम धरायचा तरी कुणावर? 'एक्झिटर'चे फार हाल झाले, 'अकिलीज'चे चार खलाशी गेले. पण 'ग्राफ श्पे'ने माँटेव्हिडिओ बंदर गाठलं आणि चार दिवसांनी तिच्या कप्तानानेच तिला बुडवून टाकलं.

१९४३ साली पॅसिफिकमध्ये एक जपानी बॉम्ब 'अकिलीज'च्या मागच्या बुरजावर पडला. १३ जण गेले. तो बुरूज काढून टाकला, तो पुन्हा काही बसला नाही. आठ तोफांच्या उरल्या सहा.

अशी दाढ पडलेली बोट ५ जुलै १९४८ ला भारताने घेतली. नवा देश, नवं नौदल. नवीकोरी क्रूझर कुठून परवडणार? पण या जुन्या बोटीने काय रुबाब केला! ती नौदलाची ध्वजनौका झाली. १९५० साली पंडित नेहरू तिच्यातूनच इंडोनेशियाला गेले.

आणि मग सिनेमा! लढाई दाखवायची १९३९ ची, तेव्हा तोफा आठ. पडद्यावर 'अकिलीज' बनून आलेल्या 'दिल्ली'ला सहाच! खरी 'ग्राफ श्पे' तर कधीच बुडालेली. तिचं काम 'सालेम' नावाच्या अमेरिकन क्रूझरने केलं.

डिसेंबर १९६१ मध्ये, गोवामुक्तीच्या वेळी, याच सहा तोफा दीवसमोर खऱ्याखुऱ्या धडाडल्या.

३० जून १९७८ ला ती सेवेतून निवृत्त झाली आणि मुंबईत मोडीत निघाली. पण तिचा अगदी मागचा, दोन तोफांचा बुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला. आज तो ऑकलंडमध्ये, डेव्हनपोर्टच्या नौदल तळाच्या दाराशी उभा आहे. पडलेल्या दाढेच्या अगदी शेजारची दाढ!