मनाचा वाफसा : निद्रा, आहार व व्यायाम

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासे तालुक्यात, घोडेगाव वसलेले आहे. यात्रेकरूंना ते शनिशिंगणापूरचा फाटा म्हणून ठाऊक असते, तर शेतकरी त्यास ओळखतो तो कांद्याच्या व जनावरांच्या बाजारामुळे. लिलावाच्या दिवशी पहाटेपासून वाहनांची रांग लागते आणि तासा-दोन तासांत एका कुटुंबाच्या चार महिन्यांच्या कष्टांचे मोल ठरून जाते.

याच परिसरातील एक कांदा उत्पादक शेतकरी एका रब्बी हंगामात प्रस्तुत लेखकाकडे तीन वेळा आले. पहिल्या खेपेस त्यांनी फुलकिड्यांवर कोणते औषध फवारावे, असे विचारले. मी शिफारस लिहून दिली. आठ दिवसांनी ते पुन्हा आले व तोच प्रश्न त्यांनी पुन्हा केला. मी तीच शिफारस पुन्हा लिहून दिली व त्यांस वाटेस लावले. तिसऱ्या खेपेस मात्र मी त्यांच्या शेतावर गेलो. पीक उत्तम होते. पातीवर फुलकिड्यांचा उपद्रव नगण्य होता. बांधावर बसल्यावर ते हळूच म्हणाले, “साहेब, औषधाचं काय घेऊन बसलात! तीन आठवडे झाले, डोळ्याला डोळा नाही.” पिकाचे निदान करण्यास मी शिकलो होतो, परंतु पिकाच्या धन्याकडे नीट पाहिले नव्हते. ती चूक इतर कार्यकर्त्यांच्या हातून होऊ नये, म्हणून हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

काळजी आणि आजार

पाऊस लांबला, भाव कोसळला, कर्जाचा हप्ता तोंडावर आला, म्हणजे काळजी ही वाटणारच. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली व ती ४ मे २०२४ रोजी खुली झाली. त्या पाच महिन्यांत कांदा उत्पादकांस स्वस्थ झोप लागली नसल्यास नवल नाही. अशी काळजी कारण सरताच ओसरते. परंतु उदासपणा, कशातही रस न वाटणे, सततची धास्ती, छातीत धडधड, निद्रानाश, अन्नावरील वासना उडणे, थकवा, ‘आपण निरुपयोगी झालो’ अशी भावना, यांपैकी अनेक लक्षणे दोन आठवडे वा अधिक काळ ठाण मांडून बसली आणि नित्याची कामे अडू लागली, तर ती नैराश्याची किंवा चिंताविकाराची खूण समजावी. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की, आपल्या देशात दर वीस प्रौढांमागे सुमारे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने ग्रासलेले असते आणि त्यांतील बहुतेकांस कोणताही उपचार मिळत नाही. म्हणजे हा विकार दुर्मीळ नव्हे, तसाच तो दुबळेपणाचा अथवा बाहेरच्या बाधेचाही नव्हे.

पिकावर रोग पडतो तेव्हा आपण हवा, जमीन व बियाणे या सर्वांचा विचार करतो. मनाच्या विकाराचेही तसेच आहे. आनुवंशिकता, आघात, कर्ज, व्यसन, शरीराचे अन्य आजार अशी त्याची अनेक कारणे असतात. यांतील पुष्कळशी आपल्या हाती नसतात. निद्रा, आहार व व्यायाम या तीन गोष्टी मात्र बऱ्याच अंशी हाती असतात. म्हणून त्यांचा विचार प्रथम करू.

हा विचार आपल्या तालुक्यास नवा नाही. शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवर भाष्य केले. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, निद्रा व कर्म ही तिन्ही बेताची असावीत, असा उपदेश आहे. आधुनिक संशोधनही आज त्याच तीन गोष्टींकडे बोट दाखवीत आहे.

निद्रा

पाणी दिल्यानंतर जमीन वाफशावर यावी लागते. वाफसा नसताना पाण्यावर पाणी दिले तर मुळांस हवा मिळत नाही व पीक पिवळे पडते. मनुष्याच्या मेंदूस निद्रा ही अशीच वाफशासारखी आहे. दिवसभराच्या शिणानंतर मेंदू निद्रेत पूर्वस्थितीस येतो, आठवणी लावून ठेवतो, भावनांचा ताण हलका करतो. प्रौढ मनुष्यास साधारणतः सात ते नऊ तास झोप आवश्यक आहे. दीर्घकाळ निद्रानाश असलेल्या व्यक्तीस पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसून आले आहे. उलट, नैराश्यामुळेही झोप उडते. असे हे दुष्टचक्र आहे. मात्र ते कोठूनही तोडता येते. इंग्लंडात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निद्रानाश असलेल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर पाहणी करण्यात आली. ज्यांच्या झोपेवर उपचार झाले, त्यांची झोप तर सुधारलीच, शिवाय चिंता व नैराश्यही कमी झाले.

आपल्याकडील अडचण वेगळी आहे. अनेक वाहिन्यांवर शेतीपंपांस पाळीने वीज मिळते, एक आठवडा दिवसा तर दुसरा रात्री. पौष-माघाच्या थंडीत कांद्यास पाणी भरण्यासाठी मध्यरात्री उठावे लागते. उसाच्या पट्ट्यात बिबट्याची धास्ती निराळीच असते. शरीराचे अंतर्गत घड्याळ सूर्यप्रकाशावर चालते. दर आठवड्यास झोपेची वेळ बदलली, म्हणजे ते घड्याळ बिघडते. आमच्या घोडेगावकर शेतकऱ्याचे नेमके हेच झाले होते. रात्रपाळीच्या आठवड्यात ते जागत, आणि दिवसपाळीच्या आठवड्यात झोपावयाचे म्हटले तरी झोप येत नसे.

यावर खरा उपाय म्हणजे दिवसाची वीज. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली व तिचा आरंभीचा एक प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी येथे उभा राहिला. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा राबविण्यात येत आहे. ज्या गावी वाहिनीस सौर वीज मिळालेली नाही, तेथे ग्रामसभेत हा विषय आग्रहाने मांडावा. केवळ वीज वाचविण्याचा किंवा अनुदानाचा हा प्रश्न नसून तो शेतकऱ्याच्या आरोग्याचाही आहे.

तोपर्यंत पुढील गोष्टी अवश्य कराव्यात :

१. शेजारच्या दोन-तीन वस्त्यांनी मिळून रात्रीच्या पाण्याची पाळी लावावी, म्हणजे एकाच माणसास सलग सात रात्री जागावे लागणार नाही. दोघे मिळून गेल्यास धास्तीही कमी होते.

२. ठिबक किंवा तुषार संच असल्यास भरणीचा वेळ पुष्कळ वाचतो. शेततळे भरलेले असेल तर रात्रीच्या पाण्यावरचे अवलंबन कमी होते.

३. रात्री जागरण झाल्यास दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या, शांत खोलीत काही तास सलग झोपावे. दिवसभर थोडे थोडे पेंगत राहू नये.

४. इतर दिवशी उठण्याची वेळ एकच ठेवावी. सकाळी उघड्यावर उन्हात थोडा वेळ घालवावा.

५. दुपारनंतर चहा टाळावा, कारण त्यातील उत्तेजक द्रव्याचा अर्धा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात राहतो. दारूने झोप लवकर लागल्यासारखी वाटते, परंतु उत्तररात्री ती मोडते व दुसऱ्या दिवशी मन अधिकच खचते.

६. अंथरुणावर पडल्यावर भ्रमणध्वनीवर बाजारभाव पाहू नयेत. रात्री अकरा वाजता पाहिलेला भाव आपल्या हातून वर चढत नाही, झोप मात्र जाते.

आहार

‘शरीरास खाद्य, तसे मनासही खाद्य’ हे आता प्रयोगाने पडताळले गेले आहे. ऑस्ट्रेलियात २०१७ साली नैराश्याच्या ६७ रुग्णांवर बारा आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटास भाज्या, फळे, कडधान्ये, अखंड धान्ये व मासे यांवर भर देणारा आहार समजावून दिला, तर दुसऱ्या गटास केवळ भेटीगाठींचा आधार दिला. पहिल्या गटातील सुमारे ३२ टक्के रुग्ण नैराश्यमुक्त झाले, दुसऱ्यातील ८ टक्के. प्रयोग लहान असल्याने त्यावरून मोठी विधाने करू नयेत, परंतु दिशा स्पष्ट आहे.

असा आहार आपणांस परका नाही. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, हुलग्याचे माडगे, मेथी-शेपूची भाजी, शेवग्याच्या शेंगा, शेंगदाण्याची चटणी, ताक, आणि चालत असल्यास अंडी व मासे, हे सर्व आपल्या शेतातले वा आठवडे बाजारातले आहे. परंतु कांदा काढणीच्या धांदलीत काय घडते? सकाळी चहा व खारी, दुपारी बाजारात वडापाव, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किटे, आणि रात्री उशिरा पोटभर जेवण. बाईमाणूस तर सर्वांचे झाल्यावर उरेल ते खाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षय झालेल्या स्त्रीस धाप लागते, काम सुचत नाही, चिडचिड होते. घरचे म्हणतात, हिचे कामात मन नाही. वास्तविक तिच्या रक्तात लोह नसते.

ब-१२ या जीवनसत्त्वाचेही असेच आहे. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस या प्राणिज पदार्थांतूनच मिळते. सगळे दूध डेअरीस घालून घरात नुसता काळा चहा उरत असेल, तर शाकाहारी कुटुंबात त्याची उणीव पडते. हातापायांस मुंग्या येणे, विसराळूपणा, उदासी ही त्याची लक्षणे होत. म्हणून दीर्घकाळ उदास व थकलेल्या व्यक्तीचे रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. गलग्रंथीच्या बिघाडानेही अशीच लक्षणे दिसतात. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळावे, त्याने ते अधिक लागते. दुधातून निदान घरातील माणसांपुरते दही-ताक राखून मगच उरलेले डेअरीस घालावे.

व्यायाम

‘दिवसभर राबतो, आम्हांस आणखी व्यायाम कशाला?’ असे शेतकरी बंधू विचारतील. प्रश्न रास्त आहे. कष्टाने शरीर बळकट होते यात शंका नाही. परंतु मनास जो लाभ होतो, तो मुख्यतः स्वखुषीने केलेल्या हालचालीतून होतो, असे पाहण्यांत आढळते. सक्तीच्या व घाईच्या कामातून तो तितका मिळत नाही. शिवाय आता नांगरणी ट्रॅक्टरने व येणे-जाणे मोटारसायकलने होते. पायी चालणे कमी झाले आहे.

अमेरिकेत १९९९ साली नैराश्य असलेल्या १५६ प्रौढांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सोळा आठवड्यांनंतर नियमित व्यायाम करणाऱ्यांत व औषध घेणाऱ्यांत जवळजवळ सारखीच सुधारणा दिसली. अनेक देशांतील पाहण्यांचा २०२२ सालचा एकत्रित निष्कर्ष असा की, आठवड्यास अडीच तास झपाझप चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांत नैराश्याचा धोका सुमारे २५ टक्के कमी असतो. अडीच तास म्हणजे दिवसाकाठी जेमतेम बावीस मिनिटे. वस्तीवरून गावातील देवळापर्यंत सायंकाळी पायी जाऊन यावे, आणि शक्यतो सोबती घेऊन जावे. भजन, कबड्डी, सूर्यनमस्कार, जे आवडेल ते करावे. स्त्रियांनीही शेजारणींसह अर्धा तास निघावे. घरातील पुरुषांनी तेवढा वेळ चूल व मुले सांभाळावीत.

उदास मनुष्यास ‘ऊठ, चाल, हुशारीने वाग’ असे म्हणून भागत नाही. त्याची शक्तीच क्षीण झालेली असते. त्यास लहान पायरी द्यावी. आज बांधापर्यंत, उद्या विहिरीपर्यंत. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच तत्त्वावर एक प्रयोग झाला व तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांस सहा ते आठ भेटींत एकेक सुखद व उपयुक्त काम पुन्हा सुरू करण्यास साहाय्य केले. तीन महिन्यांनी त्यांतील ६४ टक्के रुग्ण बरे झाले. केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

ग्रामकार्यकर्त्यांचे कर्तव्य

अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ या नावाने झालेल्या कार्यात गावच्याच कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी माहिती दिली व रुग्णांस उपचारापर्यंत पोहोचविले. अठरा महिन्यांत उपचार घेणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आपण गावोगाव फिरणारी माणसे आहोत. एखादा शेतकरी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, बैठकीस येईनासा होतो, जनावरांची निगा सोडतो, तर पिकाबरोबर त्याचीही विचारपूस करावी. “झोप लागते का? जेवण जाते का? मन कशात रमते का?” हे तीन प्रश्न पुरेत. उत्तर ऐकून घ्यावे. उपदेश नंतर.

कोणी ‘जगण्यात अर्थ नाही’ असे बोलल्यास ते थट्टेवारी नेऊ नये. त्यास सरळ व मायेने विचारावे, एकटे सोडू नये, आणि घरातील कीटकनाशके कुलूपबंद करून चावी दुसऱ्याच्या हाती द्यावी. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणल्यानंतर तेथील आत्महत्यांचे प्रमाण १९९५ च्या मानाने सुमारे ७० टक्क्यांनी घटले. विष हाताशी नसले की तो घातक क्षण टळून जातो. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य व अहोरात्र आहे. तो प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ ठेवावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. झोप, जेवण व चालणे यांनी कर्ज फिटत नाही, की कांद्याचा भाव वाढत नाही. तीव्र आजारात औषध व समुपदेशन लागतेच, आणि सुरू झालेले औषध वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्यावाचून बंद करू नये. परंतु संकटास तोंड द्यावयाचे ते मन शाबूत असले, तरच तोंड देता येते.

आमचे घोडेगावकर शेतकरी आशाताईंबरोबर आरोग्य केंद्रात गेले. औषध सुरू झाले. चुलतभावाने रात्रीच्या पाण्याची पाळी वाटून घेतली. संध्याकाळी ते दोघे पायी गावात येऊ लागले. गुण येण्यास दोन-अडीच महिने लागले, आणि मधून मधून वाईट दिवसही आले. त्या वर्षी कांद्यास भाव बेताचाच मिळाला. पुढील हंगामात ते रोपवाटिकेविषयी विचारावयास आले. मी सांगितले ते त्यांनी खिशातील वहीत टिपून घेतले, आणि तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.