शेवळाचं पान

मृगाआधीचा एखादा वळीव पडून गेला की मी सकाळी फणसाखाली वाकून फिरतो. पाचोळा बोटांनी सारायचा आणि बघायचं, जांभळट-तपकिरी, टोकदार कोंब वर आलाय का. शेवळाला आधी फूल, पान मागाहून. कोंब मिटलेला असतानाच खुडायचा. उमलला की कुजकट वास सुटतो, माश्या-भुंगेरे घोंगावतात आणि भाजीची वेळ निघून जाते.

शेवळ सुरणाच्या कुळातलं. पालघर, ठाणे, रायगडच्या रानांत आपसूक उगवतं. आदिवासी बायका त्याच्या जुड्या बाजारात आणतात, शेजारी काकडाच्या आंबट फळांचे वाटे. अशाच एका मावशींनी मला ७ गड्डे दिले. म्हणाल्या, "सावली दे, पाणी साचू देऊ नको, अन् पानाला हात लावू नको."

शेवटचं मी ऐकलं नाही. पहिल्या वर्षी ५ शेवळं खुडली. जुलैत ठिपकेदार देठांवर छत्रीसारखं एकेक पान उभं राहिलं. हळद खुरपताना आड येतंय म्हणून कापून टाकलं. पुढच्या जूनमध्ये एकही कोंब नाही. उकरलं तर गड्डे लिंबाएवढे! फूल साठवणीतलं खाऊन वर येतं. ती साठवण पान पुन्हा भरतं. जुना गड्डा आक्रसतो, त्याच्या जागी नवा पोसतो. मी त्याचा पोशिंदाच छाटला होता.

आता हळद वीतभर लांब लावतो. तिची पानं जमीन झाकतात, तण दबतं, ओल टिकते. पाऊस सरला की शेवळाचं पान पिवळं पडून आडवं होतं. तिथे लगेच काठी रोवायची, नाहीतर माघात हळद खणताना कुदळ गड्ड्यावरच बसते.

स्वयंपाकघरातही त्याला सोबत लागते. हाताला खोबरेल चोळून शेवळ सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घसा खवखवतो तो त्यांनीच. म्हणून ठेचलेल्या काकडांचं पाणी घालून शेवळ चांगलं शिजवायचं, मग कोलंबी.

काकडाचं झाड मोठं, माझ्या परसात मावायचं नाही. त्यामुळे शेवळं घरची झाली तरी जूनमध्ये मावशींच्या पाटीपुढे बसावंच लागतं. यंदा ९ कोंब आले, ४ खुडले. मावशींनी शेवळं किती निघाली ते विचारलंच नाही. काकडांचा वाटा पिशवीत ओतत म्हणाल्या, "पान ठेवशील ना?"