कुंडींतील बोटभर निवडुंग

हल्लीं आमच्या पेणसारख्या गांवींही रोपें विकणाऱ्यांकडे एक चिमुकलें निवडुंग मिळूं लागलें आहे. बोटाएवढ्या जाडीचे, फार तर सहा इंच उंचीचे, सोनेरी कांट्यांनीं मढलेले अनेक दांडे एकाच बुडाशीं दाटीनें वाढतात. शास्त्रज्ञ यास मॅमिलेरिया इलाँगेटा म्हणतात. मूळ स्थान मध्य मेक्सिकोंतील कोरड्या दऱ्या.

लॅटिन भाषेंतील 'मॅमिला' म्हणजे संस्कृतांतील चूचुक. दांड्यावर पानें नसून लहान लहान उंचवटे असतात, त्यांवरून हें नांव पडलें. प्रत्येक उंचवट्याच्या टोंकास लोकरीसारखी बारीक टिकली असून तींतून कांट्यांचें चक्र फुटतें. हे कांटे म्हणजे रूपांतर पावलेलीं पानेंच होत. उंचवट्यांच्या ओळी मळसूत्राप्रमाणें फिरतात. चष्मा लावून त्या मोजाव्या: एका दिशेनें पांच भरल्या, तर उलट दिशेनें बहुधा आठ भरतात. फिकट पिवळीं फुलें मात्र कांट्यांच्या टिकलींतून न येतां दोन उंचवट्यांमधील बेचक्यांतून येतात.

ती लोकरी टिकली ही खऱ्या कॅक्टसची खूण. कुंपणावरील थोर, ज्यास वैद्यकग्रंथांत स्नुही म्हटलें आहे, याचा भाऊबंद नव्हे. तो एरंडाच्या कुळांतला. त्याच्या जातीचीं लहान रोपेंही 'कॅक्टस' म्हणूनच विकलीं जातात. त्यांस टिकली नसते, आणि मोडल्यास पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत गेल्यास दृष्टीस इजा होते. लहान मुलें असलेल्या घरीं हा भेद ठाऊक असणें अगत्याचें आहे. चीक गेलाच, तर डोळा भरपूर पाण्यानें धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

ह्या निवडुंगाचीं रंध्रें दिवसा मिटलेलीं असतात. रात्रीं तीं उघडून हवा घेतात. त्या हवेचें आम्ल करून सांठविलें जातें व दुसऱ्या दिवशीं उन्हांत त्याचें अन्न होतें. पाणी वांचविण्याची अशी युक्ति साधलेल्या ह्या वनस्पतीस येथील शंभर इंचांहून अधिक पाऊस कसा मानवावा? श्रावणांत ओल्या मूर्ति सुकविण्याचा घोर आमच्या गांवच्या मूर्तिकारांस जसा असतो, तसाच ही कुंडी पाळणाऱ्यासही असतो. मृगापूर्वीं ती ओसरीवर उजेडाच्या जागीं आणावी. कुंडींत निम्मी जाड रेती असावी. पण पावसाहून मोठा शत्रु म्हणजे घरांतील माया. तुळशीशेजारीं कुंडी ठेविली, कीं आजी तांब्यांतलें उरलें पाणी घालते, सून घालते, आणि शाळेंतून आलेला नातूही घालतो! पाणी घालण्याचें काम एकाच माणसाकडे असावें, व माती पुरती वाळल्यावांचून त्यानेंही घालूं नये.

बुडाशीं एखादा दांडा मऊ पडून काळवंडला, तर कूज शेजारच्या दांड्यांत शिरते. अशा वेळीं निरोगी दांडे धारदार सुरीनें वेगळे करावे, सावलींत आठवडाभर ठेवून जखम सुकूं द्यावी, व मग कोरड्या रेतींत उभे करावे. पुढेंही आठ दिवस पाण्याचा थेंब घालूं नये.