जुन्या फियाटचे दरवाजे आणि आपला कुशनवाला

बोईसर स्टेशनवरून तारापूरकडे निघाले की वाटेत डेंटर, पेंटर, वेल्डिंगवाले लागतात आणि त्यांच्यातच एखादा शिलाई मशीन टाकून बसलेला कुशनवाला दिसतो. रिक्षाचे हूड, टेम्पोची सीट, मोटारसायकलची फाटलेली गादी, हेच त्याचे रोजचे काम. या धंद्यात आपल्या समाजातील कारागीर पुष्कळ आहेत. अशाच एका ओळखीच्या चाचांकडे गेल्या पावसाळ्यानंतर पालघरहून एक जुनी प्रीमियर पद्मिनी आली. मालकाला चारही दरवाजांचे आतले पॅड नवे करून हवे होते. गाडी वडिलांची, त्यामुळे घाई नव्हती. आम्ही दोन दिवस चाचांच्या दुकानात बसून हे काम पाहिले आणि आपल्या कारागीर बांधवांसाठी त्याची माहिती द्यावी असे वाटले.

पद्मिनीचा इतिहास थोडक्यात सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली आणि तीच गाडी १९७४ पासून 'पद्मिनी' नावाने विकली गेली. (त्याआधीच्या फियाटला मुंबईकरांनी नको त्या जनावराचे नाव दिले होते. ते इथे छापत नाही, वाचकांना ठाऊक आहेच.) २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर टॅक्सीच्या गाद्या, छत आणि पॅड यांचे नेहमीचे कामही गेले. आता उरल्या त्या हौशी मालकांच्या गाड्या. त्या थोड्या आहेत, पण त्यांचा मालक काम नीट झालेले पाहतो, स्वस्त झालेले नव्हे.

नव्या गाडीच्या दरवाजाचा आतला भाग प्लॅस्टिकचा, साच्यातून निघालेला असतो. तुटला की कंपनीचा दुसरा आणून बसवायचा. तिथे कुशनवाल्याला काम नाही. जुन्या फियाटचे किंवा अॅम्बेसेडरचे पॅड मात्र हार्डबोर्डवर रेक्झिन चढवलेले. कंपनीचा माल आज मिळणार नाही, तो हातानेच करावा लागतो. म्हणून या हाताला अजून किंमत आहे.

पण हेच काम निष्काळजीपणाने केले तर काय होते, हे आम्ही घरच्याच गाडीवर अनुभवले आहे. कारागिराचे नाव घेत नाही. त्याने जुने पॅड उपटले, आतला फाटका प्लॅस्टिकचा कागद 'ही घाण कशाला' म्हणून फेकला आणि क्लिपा मिळाल्या नाहीत म्हणून दरवाजाला भोके पाडून स्क्रू मारले. वरून काम झकास दिसत होते. पावसाळा सरेपर्यंत हार्डबोर्ड पापडासारखा फुगला, रेक्झिन सुटले, गाडीत कुबट वास सुटला आणि स्क्रूच्या भोकांभोवती गंज धरला. पैसे दोनदा गेले आणि तो कारागीर आम्हाला कायमचा दुरावला.

चूक कुठे होती, ते चाचांनी दोन वाक्यांत सांगितले. "काचेच्या रबराखालून पाणी दरवाजात जाणारच. त्याला खालून बाहेर जाऊ द्यायचे, पुठ्ठ्याकडे येऊ द्यायचे नाही." दरवाजाच्या तळाशी बारीक भोके असतात, ती पाणी निघण्यासाठीच. धूळ-मातीने ती बुजली की पाणी आत साचते आणि दरवाजा खालून कुजतो. आपल्याकडे तारापूर, चिंचणी, केळवे या पट्ट्यात खाऱ्या हवेमुळे हे फार लवकर होते. म्हणून पॅड काढला की पहिले काम म्हणजे तारेने ही भोके मोकळी करणे. गंज आढळला तर गिऱ्हाइकाला बोलावून दाखवावा. मालातील ऐब लपवू नये, ही तर आपल्या दीनची शिकवण आहे, आणि नंतरचा वादही त्यामुळे टळतो.

पॅड उतरवतानाही जोर चालत नाही. आधी आर्मरेस्टचे स्क्रू, लॉकची घुंडी, मग काचेचे आणि कुलपाचे हँडल. काही गाड्यांत हँडल मधल्या स्क्रूवर असते, काहींत मागे पिन किंवा स्प्रिंगची क्लिप दडलेली असते. न पाहता ओढले तर हँडल तुटते, आणि त्यासाठी कुर्ल्याच्या भंगार बाजारात नाहीतर चोर बाजारात फिरावे लागते. शेवटी चपटी पट्टी क्लिपेच्या अगदी शेजारी घालून एकेक क्लिप सोडवायची. चाचा प्रत्येक दरवाजाचे स्क्रू वेगळ्या डबीत ठेवतात आणि डबीवर खडूने 'पुढचा डावा', 'मागचा उजवा' असे लिहितात.

जुना पॅड कितीही कुजलेला असला तरी तो टाकू नये, तोच नमुना. चार पॅडसाठी ३ मिलिमीटर जाडीची, ८ बाय ४ फुटांची हार्डबोर्डची एक शीट पुरते. डावा पॅड उलटा ठेवून उजवा आखता येतो, पण क्लिपांची भोके दरवाजावर धरून पुन्हा तपासावीत. इथेच नवशिका फसतो. बोर्ड कापल्यावर चाचांनी दोन्ही बाजूंना आणि विशेष करून कडांना वार्निशचे दोन हात दिले, कारण ओल कडेतूनच शिरते. काहीजण आता हार्डबोर्डऐवजी प्लॅस्टिकची शीट वापरतात. ती फुगत नाही, पण सोल्युशन नीट धरते की नाही ते आधी तुकड्यावर पाहावे.

रेक्झिन ५४ इंची पन्ह्याचे असेल तर चार दरवाजांना दोन मीटर लागते. चुकीला जागा ठेवून अडीच घ्यावे. मूळ पॅडवरच्या रेघा कारखान्यात उष्णतेने दाबलेल्या असत. त्या हाताने जमत नाहीत, म्हणून मागे पातळ फोम लावून मशीनने शिवण घालतात. सोल्युशन बोर्ड आणि रेक्झिन दोन्हींना लावून, हाताला चिकटेनासे झाले की मगच दाबायचे, आधी मध्य, मग कडा. दुकानाचे दार उघडे ठेवावे आणि जवळ विडी पेटवू नये. इतक्या वर्षांच्या कारागिरांनाही हे सांगावे लागते, याचे वाईट वाटते. कडेला इंचभर कापड मागे वळवावे, कोपऱ्यावर चिरा द्याव्यात. पिना मारायच्या तर बोर्डापेक्षा आखूड, नाहीतर त्या पुढून बाहेर डोकावतात. हँडलची भोके शेवटी, आणि लहानच कापावीत. बसवण्यापूर्वी दरवाजावर जाड प्लॅस्टिकचा कागद चिकटवून त्याचे खालचे टोक दरवाजाच्या आत सोडायचे, म्हणजे पाणी आतल्या आतच उतरते.

काम उत्तम झाले. हिशेब मात्र आम्हाला पटला नाही. चाचांनी मजुरी रिक्षाच्या हूडसारखी दरवाजामागे ठरवली होती. दोन दिवसांची मजुरी मांडून पाहिली तर हूड शिवूनच त्यांना जास्त मिळाले असते. आम्ही तसे म्हणालो. चाचा म्हणाले, "गिऱ्हाईक पळेल, भाई." हे भय खरे आहे, पण या गाडीचा मालक पालघरहून बोईसरला शोधत आला होता, कारण जवळ दुसरा कोणी हे करत नाही. उतरवणे, बोर्ड, रेक्झिन आणि शिवण, बसवणे, बाजारातून आणलेले भाग, असा वेगवेगळा आकडा कागदावर लिहून दिला, मालाचे पैसे आधी घेतले आणि वायदा दोन दिवस जास्तीचा सांगितला, तर गिऱ्हाईक पळत नाही. चाचांचा मुलगा एमआयडीसीत ठेकेदाराकडे बारा तासांची पाळी करतो. "यात काय मिळते ते तो पाहतोच ना," असे म्हणून चाचा गप्प झाले.

कायद्याचीही थोडी माहिती हवी. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. आतले पॅड बदलणे हा तसा बदल नव्हे. मात्र अशी नोंद झालेली गाडी रोज चालवता येत नाही आणि धंद्याला लावता येत नाही, म्हणजे वरातीला भाड्यानेही नाही. १९७४ ची पहिली पद्मिनी पन्नाशी ओलांडून गेली, तेव्हा असे मालक आता कारागिराकडे येणार.

गाडी घ्यायला मालक आले. त्यांनी चारही दरवाजे एकामागून एक उघडून लावले, काचा खाली-वर केल्या आणि ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे स्वतःहून दिले. चाचांनी जुने पॅड वर्तमानपत्रात बांधून परत केले. त्याच आठवड्यात केळव्याहून एका अॅम्बेसेडरसाठी निरोप आला. तिचा मागचा एक पॅड गायबच आहे. या वेळी चाचांनी आमच्याकडून कागद मागून घेतला आणि आकडे लिहायला बसले.